ज्वारीतला क्रूस

लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत भर दुपारी, वांग्यांची पिशवी हातात धरून, चालता चालता मध्येच थांबलेला माणूस मी पाहिला आहे. एकदा नाही, कैक वेळा. आणि दर वेळी त्याच्या मागे उभं राहून हातगाडीवाल्यांच्या शिव्या मी खाल्ल्या आहेत.

बारा वाजले की सर थांबायचे. मग रस्ता असो, वर्ग असो की बँकेतली रांग. डोळे मिटायचे, उजवा हात कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना लावायचे आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचे. येशूच्या आईकडे, मारियेकडे देवदूत निरोप घेऊन आला आणि ती त्याला हो म्हणाली, त्याची आठवण म्हणून ही प्रार्थना. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, उन्हाने चक्कर आली. मी घाबरून त्यांचा दंड धरला, तर डोळे न उघडता त्यांनी माझा हात थोपटला.

"अहो, हे घरी बसून करा की," मी नंतर म्हणालो. "बाजारात कशाला?"

"मराठीवाले, देवदूत आला तवा ती बी कामातच आसंल की," ते म्हणाले. "तिला कुणी टाईम ठरवून विचारलं व्हतं?"

आम्ही दोघं लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होतो. ते जीवशास्त्र, मी मराठी. ते मला विषयाच्याच नावाने हाक मारायचे आणि मी त्यांना नुसतं सर म्हणायचो. लातुरात जीवशास्त्राच्या मास्तराला काय भाव आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. पार धर्माबाद-देगलूरपासून पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो झळकतात, आणि मराठीच्या तासाला पोरं बाकाखाली जीवशास्त्राच्या नोट्स वाचतात. असल्या गावात हा माणूस रविवारी सकाळी क्लास घेत नसे. रविवारची सकाळ म्हणजे इथं चाचणी परीक्षेची वेळ. मोठमोठ्या क्लासवाल्यांनी घरी गाड्या पाठवल्या. सरांनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि गाडी रिकामी परत पाठवली. कारण काय, तर रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची उपासना असते. बरं, मिस्सा संपल्यावर या म्हटलं, तर मिस्सा संपल्यावर आजारी माणसांना भेटायला जायचं असतं. आणि दुपारी? दुपारी झोपायचं असतं, म्हणाले, देवानेसुद्धा सातव्या दिवशी तेच केलं.

मला हे वेड वाटायचं. खरं सांगायचं तर आजही थोडंसं वाटतं. पण त्या वेडाला शिस्त होती, आणि ती बघत बघत माझी बोलती बंद होत गेली.

गोलाईतला एक म्हातारा रिक्षावाला सरांचा दोस्त होता. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. बारा वाजायला आले की चाचा आपणहून रिक्षा कडेला घ्यायचा. एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचा, "ठैरो जी, सर का टैम हुआ. बस स्टँड कहीं भाग के जाता क्या?" मग थोड्या वेळाने चाचाच्या नमाजाची वेळ व्हायची. तेव्हा मशिदीबाहेर रिक्षात बसून सर त्याची वाट पाहायचे. या दोघांच्या देवांमध्ये माझा दुपारचा तास कितीदा तरी बुडाला. प्राचार्यांना मी काय कारण सांगणार?

आमच्या स्टाफरूमला पार्टी करायची म्हटलं की पंचांग काढावं लागे. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरल्यासुरल्या दिवसांतला शुक्रवार धरून ढाब्यावर जावं, तर सर म्हणणार, "तुमी मटण खावा. मी शेंगाची चटणी आन् भाकर खातो. आज शुक्रवार हाय." ख्रिश्चन माणूस मटण सोडतो हे आमच्या लोकांच्या डोक्यातच शिरायचं नाही. "तुमच्यात सगळं चालतं ना सर?" प्रत्येक जण विचारायचा.

"चालतं म्हणून तर सोडायचं," सर म्हणायचे. "जे चालतच न्हाई ते सोडण्यात काय मजा?"

नाताळ होऊन काही आठवडे गेले की एका बुधवारी ते कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात यायचे. पोरं विचारायची, "सर, अंगारा कुठला लावलाव?" सर म्हणायचे, "माती हाईस, मातीतच जाशील, हे ध्यानात ऱ्हावं म्हणून लावतेत. चला, पान काढा." त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत त्यांचा उपास, आणि चहा बंद. या माणसाची गाडी चहाशिवाय हलत नसे. पहिला आठवडा डोकं धरून बसायचे, कुणी मोठ्याने बोललं तर दचकायचे. मला दया यायची. मी म्हणालो, "आमच्यासारखी साबुदाण्याची खिचडी तरी खा." तर म्हणाले, "खिचडी खाल्ल्यावर उपाशी कोण ऱ्हायलं, मराठीवाले?" हे मी घरी जाऊन आईला सांगितलं. पुढच्या दोन एकादश्या ती खिचडी वाढताना माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

वर्गात पोरं त्यांना कोंडीत पकडायला बघायची. उत्क्रांती शिकवताना एकाने विचारलं, "सर, तुमी तर देवानं माणूस केला म्हणताव. मग हे माकडाचं काय?" सगळा वर्ग कान टवकारून बसला. सर म्हणाले, "देवानंच केला. त्याला घाई नव्हती, एवढंच हे पुस्तक सांगायलंय. घाई तुमालाच हाय." आणि पुढे शिकवू लागले.

एकदा त्यांनी रक्ताभिसरणातली एक गोष्ट चुकीची सांगितली. पोरांच्या लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "काल मी चुकीचं शिकवलो. माझी चूक हाय, माफी करा." लातुरात मास्तर माफी मागतो, हे पोरांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पुढच्या बाकावरची एक मुलगी घाबरून रडायलाच लागली. मी विचारलं, गुपचूप दुरुस्त करून टाकायचं ना? ते म्हणाले, "आवं, दर शनिवारी फादरजवळ गुडघे टेकून चुका सांगतो मी. पोरांम्होरं सांगायला कसली लाज?"

नाताळात त्यांच्या घरी ख्रिस्तजन्माचा गोठा मांडलेला असायचा. त्यात बैल असायचे पोळ्याचे. पोळ्याला मातीची जोडी घ्यायची, पूजा करायची नाही, पण नाताळपर्यंत ट्रंकेत जपून ठेवायची. बैल मात्र देवणीच हवा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला. कुंभार नुसता पांढरा रंग देऊन मोकळा व्हायचा, मग सर स्वतः ब्रशने ठिपके काढत बसायचे. मी देवणीकडचा. मला खिजवायला म्हणायचे, "बघा मराठीवाले, तुमच्या गावच्या बैलानं येशूला ऊब दिली. तुमचं काय योगदान?"

असा हा हसरा माणूस. त्याला रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. एकदा स्टाफरूममध्ये एका नव्या सहकाऱ्याने सर्वांदेखत टोमणा मारला, "तुमचे लोक दुष्काळात मिशनच्या मिलो ज्वारीच्या पोत्यासाठी बाटले ना सर?" सरांनी डब्यातला घास शांतपणे संपवला.

"आसंल की," ते म्हणाले. "आमचा आजा पोटासाठीच गेला आसंल. तुमच्या हिरीवर पाणी मिळत नव्हतं, तिथं मिळालं. पण पोट भरल्यावर बी तिथंच ऱ्हायला. त्याचं काय करताव?"

ती विहीर आमच्यासारख्यांचीच होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. सरांना एकच मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली, आणि सरांनी तिला एकट्याने वाढवलं. वेण्या घालण्यापासून सगळं. पोरीला चालता येत नव्हतं तेव्हापासून तिला डॉक्टर व्हायचं होतं म्हणा ना. भाजीवाल्या आजीची नाडी बघायची आणि जीभ काढायला लावायची. ती बारावी झाली, प्रवेश परीक्षेचा निकाल आला. मार्क चांगले होते, पण लातूरच्या भाषेत सांगायचं तर काठावरचे.

सर मूळचे उदगीरकडच्या एका खेड्यातले. शाळेत नाव घालताना तिथल्या गुरुजींनी सगळ्या वस्तीतल्या पोरांची धर्म-जात एकाच हाताने लिहिली होती, हिंदू मातंग. सरांच्या थोरल्या भावाने ते तसंच राहू दिलं. त्याला नोकरी लागली, त्याच्या पोरांना लागली. घरात येशूचा फोटो, रविवारी प्रार्थना, कागदावर हिंदू. वस्तीतली बहुतेक घरं अशीच. सरांनी मात्र नोकरीच्या वेळी आपण होऊन ख्रिश्चन लिहिलं, आणि भावाच्या मानाने त्यांना नोकरी लागायला फार वर्षं गेली.

कायदा असा आहे, की धर्म ख्रिश्चन लिहिला की अनुसूचित जातीची सवलत संपते. वस्ती तीच राहते, गावाने तोडून बोलायचं तेही तसंच राहतं, सवलत तेवढी जाते. नाव दुसऱ्या, ओबीसीच्या यादीत लागतं, आणि त्या यादीत सरांच्या मुलीच्या मार्कांवर डॉक्टरीची जागा मिळणं जवळपास अशक्य होतं. चुलत्याच्या कागदाच्या आधाराने जातीचा दाखला काढला, तर जागा पक्की होती.

गंमत बघा, त्याच दिवसांत माझा चुलतभाऊ निजामाच्या काळातली कुणबी नोंद सापडावी म्हणून मोडी वाचणारा माणूस शोधत गावोगाव हिंडत होता. आमचं अख्खं गाव हिंडत होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नव्हतं.

सरांचा भाऊ कागद घेऊन लातूरला आला त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. जेवणं झाल्यावर त्याने टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र पुढे ठेवलं. आम्ही हिंदू धर्म पाळतो, असं त्यात लिहिलेलं होतं. बापाची सही हवी होती.

"एक सही हाय फकस्त," भाऊ म्हणाला. "चौकशीला कुणी आलंच तर तेवढ्यापुरता भिंतीवरचा क्रूस उतरवायचा आन् एखांदं देवाचं कॅलेंडर लावायचं. समदेच करायलेत. आईनं न्हाई का केलं?"

सर भिंतीवरच्या क्रूसाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून सांगू लागले, कारण भावाला ते ठाऊकच होतं.

"साहेब लोक वस्तीत आले म्हणलं की आई क्रूस काढून ज्वारीच्या कणगीत खुपसायची. पार कोपरापस्तोर हात घालायची. ते गेले की बाहेर काढायची, पदरानं पुसायची, दाणे झटकायची. आन् आमा दोघांला बाजूला घिऊन त्याच्यासमोर बसायची. 'लेकरांसाठी केलं बाबा, रागावू नको' म्हणायची."

"मंग?" भाऊ म्हणाला. "आई चुकली का?"

"न्हाई दादा. आईला मी चूक म्हणलो न्हाई, म्हणणार बी न्हाई. तुला बी न्हाई. पण तिचा हात ज्वारीत गेला की मी तोंड फिरवायचो. आजून बी मला ते बघवत न्हाई."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमाला बघवत न्हाई म्हणून मी काय करू पप्पा? समद्या मैत्रिणी डॉक्टरीला जायल्यात. मी काय चोरी करायले का?" आणि आत निघून गेली. त्यानंतर ती बापाशी बोलेनाशी झाली. डबा भरून ओट्यावर ठेवायची आणि कोपऱ्यात अंग चोरून बसायची. सर वर्गात शिकवता शिकवता वाक्य अर्धं सोडू लागले.

मी वैतागलो. कॉलेजच्या आवारातल्या कडुलिंबाखाली त्यांना गाठलं आणि म्हणालो, "सर, सरळ सही करा. आणि शनिवारी फादरजवळ जाऊन कबुली देऊन मोकळे व्हा. तुमच्यात एवढी चांगली सोय आहे, ती कधी वापरणार?"

ते हसले, पण ते त्यांचं नेहमीचं हसू नव्हतं. "तसं नसतंय मराठीवाले. माफी मागायची तर परत करणार न्हाई म्हणावं लागतंय. मी तर सोमवारी जाऊन तेच कागद जमा करणार. देवाला काय सांगू, माफी दे, तवर मी जरा जाऊन येतो?"

"म्हणजे करणार नाही सही?"

"करणार की." मला ते अपेक्षित नव्हतं. "माझा क्रूस मी उचलीन. पोरीच्या खांद्यावर कसा टाकू? तिला कुणी विचारलं का, तुला ह्या घरात जन्माला यायचंय का म्हणून? सही माझी, पाप बी माझं. फकस्त त्याच्यानंतर मी ख्रिस्तप्रसाद घेणार न्हाई."

"किती दिवस?"

"खोटं काय संपतंय का? ते कागदात ऱ्हातंय. ती डॉक्टर व्हईल, नोकरी करंल, तवर चालूच की. मिस्सेला जाईन. माघं बसून ऱ्हाईन. तिला तेवढं सांगू नका."

ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सेत मिळणारी भाकरीची पातळ पांढरी चकती. सरांच्या लेखी ती खूण नव्हती, तो खुद्द ख्रिस्त होता, आणि पापाची माफी मिळाल्याशिवाय तो घ्यायचा नसतो. टाळेबंदीत चर्चचं फाटक बंद होतं तेव्हा हा माणूस कसा वाळत गेला ते मी पाहिलं होतं. दर रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, त्या बंद फाटकासमोर उभं राहून यायचा. पोलिसाने हटकलं तर दूध आणायला चाललो असं खोटंही सांगायचा नाही. देवाकडे चाललो, म्हणायचा. तो पोलीस म्हणाला होता, "सर, आसं हिंडलाव तर खरंच जाताल." त्या दिवसांत निदान फाटक उघडेल ही आशा होती. आता हा माणूस ते स्वतःच्या हाताने बंद करत होता, आणि तेही मरेपर्यंत. सही नाकारली असती तर मी त्यांना हट्टी म्हणून मोकळा झालो असतो. आता तेही म्हणता येत नव्हतं.

शनिवारी कोर्टाबाहेरच्या नोटरीपुढे त्यांनी सही केली. सोमवारी तिथल्या कचेरीत जमा करता यावा म्हणून रविवारी मिस्सा झाल्यावर उदगीरला भावाकडे कागद पोचवायचा ठरला, गाडी माझी. मी वेळेआधीच चर्चमध्ये पोचलो आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. चर्च छोटंसंच. केरळकडच्या दोन सिस्टर, रेल्वेतली काही तेलुगू कुटुंबं, बाकी खेड्यापाड्यांतून आलेली आपली माणसं. फादरही केरळचे, पण मराठी ठणठणीत, फक्त चाल वेगळी. सर नेहमी पहिल्या बाकावर असतात असं ऐकून होतो. आज ते माझ्या शेजारी येऊन बसले. मुलगी पुढे बायकांत होती. बापाने सही केली म्हणून ती पुन्हा बोलू लागली होती, सकाळी इस्त्रीही तिनेच करून दिली होती.

प्रसादाची वेळ झाली. माणसं उठून रांगेत लागली. सर उठले नाहीत. मागून एक म्हातारी येत होती, तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. "सर, उठा की." त्यांनी मान हलवली. ती बिचारी गोंधळून पुढे गेली, आणि जाता जाता वळून बघत राहिली. मग दुसऱ्यांनीही वळून पाहिलं. मराठवाड्यातलं चर्च ते, सगळे सगळ्यांना ओळखणारे. सर समोर बघत ताठ बसले होते. नजर मात्र त्या चकतीबरोबर प्रत्येकाच्या हातापर्यंत जात होती. मी कधी न जेवलेल्या माणसाच्या शेजारी बसून जेवलेलो नाही, पण ते कसं वाटत असेल ते मला तिथं कळलं.

लोक का वळतायत म्हणून रांगेतल्या मुलीनेही वळून पाहिलं. तिला आधी बाप दिसला नाही. मग शेवटच्या बाकावर दिसला. तेवढ्यात तिची पाळी आली. फादरनी चकती उचलून म्हटलं, "ख्रिस्ताचं शरीर." यावर आमेन म्हणून हात पुढे करायचा असतो. तिने हात जोडले, मागे वळली, आणि सगळ्या चर्चच्या नजरांतून चालत येऊन बापाच्या पलीकडे बसली. मिस्सा संपेपर्यंत दोघांपैकी कुणी एकमेकाकडे पाहिलं नाही.

बाहेर अंगणात आल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "गाडी काढू का?"

"पप्पा, तुमी का न्हाई उठलाव?" तिने विचारलं.

"आज जरा बरं नव्हतं."

"खोटं बोलू नका. तुमाला येत न्हाई." तिने हात पुढे केला. "कागद द्या."

सरांनी शर्टाचा खिसा हाताने दाबून धरला. "येडी हाईस का? उद्या शेवटची तारीख हाय. तुझं काई पाप न्हाई त्याच्यात. सही माझी हाय, तू गप शिक."

"तुमाला उपाशी ठिवून मला डॉक्टर व्हायचं न्हाई."

"मी उपाशी ऱ्हाईन न्हाईतर मरंन, तुला काय करायचंय!" सर ओरडले. अंगणातली माणसं जागच्या जागी थांबली. स्टाफरूममधल्या टोमण्याला शांतपणे उत्तर देणारा तो माणूस लेकीवर असा ओरडत होता, आणि कशासाठी, तर आपण केलेलं खोटं तिने टिकवावं म्हणून. "लई कट-ऑफ हाय ग बाळा," आवाज एकदम खाली आला. "तुझ्या आईला मी काय सांगू?"

मी सरांच्याच बाजूचा होतो. तिला म्हणालो, "बाळा, घाई करू नकोस. आयुष्याचा प्रश्न आहे."

ती माझ्याकडे वळली. "काका, तुमी त्यांच्या शेजारी बसला व्हतात ना? तुमी त्यांचं तोंड बघितलाव. आसं तोंड म्या रोज बघू?"

तिचा हात तसाच पुढे होता. तो किती वेळ पुढे राहिला असता कुणास ठाऊक. शेवटी सरांनी खिशावरचा हात काढला, पण कागद काही दिला नाही. तिनेच तो ओढून काढला, शिक्क्यासकट फाडला, आणि अंगणात कचरा नको म्हणून तुकडे आपल्या पर्समध्ये भरले.

पुढचं आताच सांगून टाकतो. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही, दुसऱ्या नाही, शेवटच्याही नाही. तिच्याहून कमी मार्कांच्या मैत्रिणी डॉक्टर होतायत. ती नांदेडला नर्सिंग करते. रात्रपाळी असली की बापाला फोन करून जेवलात का विचारते. माझा राग अजून गेलेला नाही. कायद्यावर आहे, गावच्या विहिरीवर आहे, त्या दोघांवर आहे, आणि त्यांच्या देवावरही थोडा आहे. सरांना हे मी तोंडावर सांगितलं आहे. ते म्हणाले, "माझा बी हाय. रोज सांगतो त्याला."

तर तो रविवार. फादर पायऱ्यांवर उभे राहून सगळं ऐकत होते. मिस्सेचा झगा अजून अंगात होता. त्यांनी उपदेश केला नाही. नुसतं म्हणाले, "आत या, दोघं." आधी सरांना कबुलीसाठी कोपऱ्यात नेलं. एका खुर्चीवर फादर, शेजारी गुडघ्यावर सर. मला शब्द ऐकू येत नव्हते, सरांची पाठ तेवढी दिसत होती. फादरनी त्यांच्या डोक्यावर हात धरला तेव्हा ती पाठ सैल पडली. मग मुलगी गेली आणि लगेच परत आली. तिच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसणार.

चर्च रिकामं झालं होतं. सिस्टर सतरंज्या झटकत होत्या, त्या थांबल्या. फादरनी वेदीजवळची, उरलेला प्रसाद ठेवायची छोटी सोनेरी पेटी उघडली आणि चकत्या घेऊन ते खाली आले. बाप-लेक शेजारी शेजारी गुडघ्यावर होते. "ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले. सरांचे ओठ हलले, आमेन काही उमटलं नाही. फादर थांबले. दुसऱ्यांदा उमटलं.

माझं लहानपण देवळात गेलं आहे. प्रसादाची रांग मला नवी नाही, घाईत हात पुढे करायचा, तोंडात टाकायचं आणि चप्पल शोधायची. मी दारातून पाहत होतो. सरांनी ती चकती जिभेवर घेतली, तोंड मिटलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आधी मला वाटलं, आनंदाचं असेल. मग मी पाहिलं, त्यांनी न बघताच हात लांब करून लेकीचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं होतं, आणि ते बाप म्हणून रडत होते, पोरीची जागा गेली म्हणून. तोंडात देव होता आणि डोळ्यांत हे. आत जाऊन त्यांना चला म्हणायची माझी छाती झाली नाही. मी दाराबाहेरच उभा राहिलो.